घुमट मोबाइलमधून घेतलं की आवाज मागून येतो, अँड्रॉइडवर हे सुटतं का की आयपॅडच घ्यावा?

घुमटकार_फोंडा

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण पूर्ण वाचा, चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आलीय आणि आम्ही अडकलोय.

फोंडा तालुक्यात आमच्या वाड्यावरचं घुमट आरतीचं मंडळ आहे. तीन घुमटं (एका तोंडाला चामडं ताणलेली मातीची मडकी), एक शमेळ (ढोलासारखं वाद्य), कासाळं (झांजा) आणि गाणारे सहा-सात जण. घरच्या आरतीला काहीच लागत नाही, खोली दणाणून जाते. पण सार्वजनिक मंडपात आणि स्पर्धेच्या स्टेजवर घुमट मागे पडतं आणि नुसती शमेळ-कासाळं ऐकू येतात. म्हणून पोरांनी ठरवलं की घुमटाला छोटे माइक लावायचे, ते दोन चॅनलच्या यूएसबी इंटरफेसमधून (माइकचा आवाज फोनला देणारा छोटा डबा) माझ्या फोनला, फोनवर एक अ‍ॅप आहे त्यात इक्यू (जाड-बारीक आवाज जुळवायला), कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करायला) आणि किंचित रिव्हर्ब (घुमण्यासाठी), आणि तिथून स्पीकरला. इंटरफेस एका पोराकडे होताच, फोन माझा आहेच, म्हणजे खर्च जवळजवळ शून्य.

आवाज सुंदर येतो हो, पण उशिरा येतो. वाजवणाऱ्याची थाप चामड्यावर पडते, दुसऱ्या हाताने तो मडक्याचं मागचं लहान तोंड उघडझाप करून घुमारा वळवत असतो, मडक्यातला आवाज कानावर लगेच येतो आणि स्पीकरमधला त्याच्या मागून, म्हणजे एका थापेच्या दोन थापा. मग पोरगा नकळत स्पीकरला धरून वाजवायला लागतो, स्पीकर आणखी मागे जातो, की हा आणखी मागे. गेल्या रविवारी देवळाच्या सभामंडपात तालीम केली तर ज्या लयीत आरती उचलली त्या लयीत संपलीच नाही, शेवटाला एवढी रेंगाळली की गाणाऱ्यांचा दम तुटायला लागला. केबल काढून साधी वाजवली, दोन मिनिटांत लय जाग्यावर.

फोन दोन वर्षांपूर्वीचा अँड्रॉइड आहे, कंपनी मुद्दाम लिहीत नाही, भांडणं नकोत. गेम एकदम मस्त चालतात, कॅमेरा चांगला आहे, रॅम ८ जीबी. एवढी ताकद असून एक थाप वेळेवर का येत नाही? फोनचा दोष, अ‍ॅपचा, की अँड्रॉइडचाच? आणि जुना आयपॅड सेकंडहँड घेतला तर खरंच फरक पडतो का? मंडळाच्या पैशातून घ्यायचा तर चार जणांना पटवून द्यावं लागेल.


आयपॅडवर_वाजवतो

दादा, डोळे झाकून आयपॅड घ्या. मी पणजीत हॉटेलांत कीबोर्ड आणि गिटार दोन्ही वाजवतो, सहा वर्षं झाली, सगळे आवाज आयपॅडमधून येतात. इंटरफेस लावला, अ‍ॅपमध्ये बफर (एका वेळी पुढे जाणारा आवाजाचा गठ्ठा) १२८ केला आणि बोट पडलं की सूर येतो, विचारच करावा लागत नाही.

अ‍ॅपलने हे पहिल्यापासून मनावर घेतलं होतं. मॅकवर २००१ पासून कोअर ऑडिओ ही आवाज हाताळणारी यंत्रणा आहे, आयफोन आला तेव्हा त्यात तेच गेलं. २०११ ला गॅरेजबँड आयपॅडवर आलं ते उगाच नाही, काचेवर बोट मारलं की ड्रम लगेच वाजतो हे त्यांना दाखवायचंच होतं. २०१२ ला ऑडिओबस आलं आणि एका अ‍ॅपचा आवाज दुसऱ्यात जायला लागला, २०१५ ला आयओएस ९ बरोबर एयूव्ही३ प्लगइन (एका अ‍ॅपच्या आत चालणारी दुसरी वाद्यं-इफेक्ट) आले, २०२३ ला पूर्ण लॉजिक प्रो आयपॅडवर आलं. तेवढ्या काळात अँड्रॉइडवाले काय करत होते? २००९ ची एक तक्रार आहे त्यांच्या बग यादीत, नंबर ३४३४, लो लेटन्सी (कमी उशिराचा) ऑडिओ नाही म्हणून. जगभरातल्या लोकांनी वर्षानुवर्षं तिच्याखाली हजेरी लावली. संगीतवाल्यांनी एवढी वाट कशासाठी बघायची?


साउंडवाला_म्हापसा

आधी मला हे सांगा, पोरांच्या कानात ब्लूटूथ आहे का? असेल तर बाकीची चर्चा सोडा. साध्या ब्लूटूथ हेडफोनला १५०-२०० मिलिसेकंद आरामात जातात, तिथे फोन कुठलाही असो.


घुमटकार_फोंडा

नाही नाही, गाणाऱ्या एका मुलाच्या कानात होता पहिल्या दिवशी, तो त्याच दिवशी काढून टाकला. आता सगळं वायरने आहे.


मडगाव_ऑडिओ_कोड

मी अँड्रॉइडवर ऑडिओचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण "अँड्रॉइड वाईट, आयपॅड चांगला" एवढ्यावर सोडलं तर घुमटकार दादांना खरं कारण कळणार नाही आणि त्यांच्या चार माणसांना ते पटवूही शकणार नाहीत.

पहिलं म्हणजे फोनच्या ताकदीचा इथे काही संबंध नाही. इक्यू आणि कॉम्प्रेसर हे आजच्या कुठल्याही फोनला अगदी किरकोळ काम आहे. वेळ जातो तो वाटेत. आवाज माइकमधून येतो त्याचे सेकंदाला ४८,००० नमुने होतात, आणि ते एकेक करून पुढे जात नाहीत, गठ्ठ्याने जातात. गठ्ठा भरेपर्यंत थांबायचं, मग पुढे ढकलायचा. गठ्ठा १९२ नमुन्यांचा असेल तर ४ मिलिसेकंद, ९६० चा असेल तर २० मिलिसेकंद. आत येताना एक गठ्ठा आणि बाहेर जाताना दोन धरा, कारण एक वाजत असताना दुसरा तयार लागतो, नाहीतर आवाज तुटतो, कट् कट् येतं. म्हणजे लहान गठ्ठ्याच्या फोनवर १२ आणि मोठ्या गठ्ठ्याच्या फोनवर ६०, प्रोसेसर एकच असला तरी.

आता ६० म्हणजे किती? तुमची द्रुत आरती मिनिटाला १४० च्या लयीत धरा, एक मात्रा साधारण ४२८ मिलिसेकंदांची, तिचे चार केले तर एकेक १०७ चा. घुमटावर तुम्ही चौपट भरता ना, तिथे ६० चा उशीर म्हणजे दोन थापांच्या मधोमध तिसरी थाप ऐकू येते. पोरांची लय सुटली यात त्यांचा काही दोष नाही, कुणाचीही सुटेल.

मग गठ्ठा लहान का ठेवत नाहीत? लहान गठ्ठा ठेवायचा तर दर ४ मिलिसेकंदांनी प्रोसेसरने न चुकता हजर राहायला पाहिजे. एकदा जरी उशीर झाला तर कट्. आणि फोन सतत बॅटरी वाचवायच्या मागे असतो, काम हलकं दिसलं की प्रोसेसरचा वेग कमी करतो, काम छोट्या कोअरवर ढकलतो. ऑडिओचं काम हलकंच दिसतं पण वेळेचं पक्कं असतं, हे त्या वेग ठरवणाऱ्या यंत्रणेला कळत नाही. म्हणून फोन कंपनी सुरक्षित खेळते, गठ्ठा मोठा ठेवते, गाणी ऐकणाऱ्याला आणि व्हिडिओ बघणाऱ्याला काहीच फरक पडत नाही, बॅटरीही टिकते. फरक पडतो तो फक्त वाजवणाऱ्याला.

आणि अँड्रॉइड काहीच करत नव्हतं असं नाही हो. २०१२ च्या जेली बीनमध्ये वेगळा जलद मिक्सर आला, २०१४ च्या लॉलीपॉपमध्ये यूएसबी ऑडिओ, २०१५ च्या मार्शमेलोमध्ये मिडी (कीबोर्डसारख्या वाद्यांचे संदेश फोनला देणारी पद्धत) आणि "प्रो ऑडिओ" नावाचा शिक्का, ज्या फोनवर तो असेल त्याची जायची-यायची लेटन्सी तेव्हाच्या अटीनुसार २० मिलिसेकंद किंवा कमी पाहिजे होती. २०१७ च्या ओरिओमध्ये एऑडिओ ही नवी जलद ऑडिओ यंत्रणा आली आणि ८.१ पासून एमएमएपी, म्हणजे अ‍ॅपने आवाज मधल्या मिक्सरला न देता थेट हार्डवेअरच्या मेमरीत लिहायचा. २०१८ ला ओबो लायब्ररी दिली, अ‍ॅपवाल्याने एकदाच कोड लिहायचा, जुन्या फोनवर ओपनएसएल (आधीची यंत्रणा) आणि नव्यावर एऑडिओ ती आपणच निवडते. गूगलच्याच लोकांनी २०२१ मध्ये लिहिलंय की लोकप्रिय फोनांची सरासरी २०१७ ला १०९ मिलिसेकंद होती ती ३९ वर आली. हा काही थोडका फरक नाही.

पण माझं भांडण वेगळ्याच जागी आहे. सरासरी माझ्या हातात नसते, माझ्या हातात एक फोन असतो. प्रो ऑडिओचा शिक्का फोन कंपनीच्या मर्जीवर आहे, घेतला तर अट पाळायची, नाही घेतला तर कुणी विचारत नाही. दुकानात कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल बॉक्सवर मोठ्या अक्षरात असतात, स्क्रीन किती हर्ट्झची ते असतं, चार्जर किती वॉटचा ते असतं, आवाज आत जाऊन बाहेर यायला किती वेळ लागतो ते कुठेच नसतं. तो आकडा छापायची सक्ती झाली तर बघा, वर्षभरात सगळे गठ्ठे लहान होतील. ज्या दिवशी दादरा-केरवा वाजवणाऱ्या माणसाला दुकानात उभं राहून तो आकडा विचारता येईल त्या दिवशी मी म्हणेन अँड्रॉइडवर प्रो ऑडिओ आहे.


आयपॅडवर_वाजवतो

म्हणजे शेवटी माझंच म्हणणं तुम्ही लांबून सांगितलंत ना. आयपॅड कुठलाही उचला, आकडा जवळजवळ सारखाच येतो, कारण फोन, चिप आणि ओएस एकाच घरातले. यालाच मी सपोर्ट म्हणतो.


मडगाव_ऑडिओ_कोड

हो, तेवढं तुमचं शंभर टक्के बरोबर. पण एका घरातलं असण्याची दुसरी बाजूही बघा. २०१७ ला आयओएस ११ मध्ये ३२ बिटची सगळी अ‍ॅप एका दिवसात बंद पडली, त्यात किती सिंथ आणि ड्रमची अ‍ॅप गेली, ज्यांचे लेखक पुढे काम करत नव्हते ती कायमची. २०१३ ला त्यांनीच आणलेलं, एका अ‍ॅपचा आवाज दुसऱ्यात नेणारं इंटर-अ‍ॅप ऑडिओ २०१९ ला त्यांनीच वापरू नका म्हणून सांगितलं. आणि दादांच्या कामाची गोष्ट म्हणजे आयपॅडवर एका वेळी एकच ऑडिओ इंटरफेस चालतो, दोन चॅनलचा लावला तर दोनच घुमटं, तिसऱ्यासाठी दुसरा इंटरफेस जोडू म्हटलं तर नाही जमत, चार चॅनलचा नवा घ्यावा लागतो. मॅकवर दोन जोडून एक करता येतात, आयपॅडवर नाही.


पेटीवाली_साखळी

मला यात बोलायचंच आहे. मी साखळीला गाण्याचा क्लास घेते, भजनाची पेटी शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी आयपॅड एकाच्याही घरी नाही. सगळ्यांकडे अँड्रॉइड, तोही बहुतेक आईबाबांचा जुना, स्क्रीनला तडा गेलेला. तुम्ही म्हणता आयपॅड घ्या आणि विषय संपला, पण माझ्यासाठी तिथेच विषय सुरू होतो. ज्या मुलाच्या हातात पेटी नाही त्याच्या हातात फोन आहे. फोनच्या काचेवर पेटीच्या पट्ट्या आहेत, फुकट अ‍ॅप आहे. पण बोट ठेवलं की सूर उशिरा येतो, आणि मूल लहान असलं की त्याला ते उशीर म्हणून कळत नाही, त्याला वाटतं मी चुकलो. माझी एक विद्यार्थिनी आहे, दहा वर्षांची. घरी फोनवर सराव करून यायची आणि खऱ्या पेटीवर प्रत्येक सूर घाईने, आधीच दाबायची. दोन महिने मला कळेना ही अशी का वाजवते. मग एक दिवस तिचा फोन हातात घेऊन वाजवला आणि समजलं, फोनचा उशीर भरून काढायला तिचं बोट आपोआप आधी पडायला शिकलं होतं. ती सवय मोडायला आणखी दोन महिने गेले.

म्हणून हा श्रीमंतांच्या स्टुडिओचा प्रश्न आहे असं कुणी म्हणू नका. प्रोफेशनल माणूस काहीतरी पर्याय शोधतोच, ज्याच्याकडे पर्याय नाही त्याला हे सगळ्यात जास्त लागतं.

एक मात्र सांगते, सगळ्याच कामांना हे लागत नाही. तानपुरा लावून रियाज करायला, तबल्याचा ठेका लावायला जुन्यात जुना फोन चालतो, कारण तिथे फोन वाजतो आणि आपण त्याला धरून गातो, आपलं काही आत जाऊन बाहेर यायचं नसतं. मी स्वतः तसाच वापरते, अगदी निर्धास्त.


साउंडवाला_म्हापसा

बाईंचा मुद्दा पटला, मनापासून. मी त्या बाजूने कधी बघितलंच नव्हतं.

आता माझं. वीस वर्षं मंडपं, देवळं, तियात्र (कोंकणी संगीतनाटकं), जत्रेतली नाटकं सगळं केलंय. एक गोष्ट लक्षात घ्या, उशीर फक्त फोनमध्ये नसतो, हवेतही असतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरमागे ३ मिलिसेकंद धरा. मंडपात शमेळवाला घुमटापासून तीन मीटर बसला तर त्याला घुमट ९ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतं आणि पिढ्यान् पिढ्या तो तसाच वाजवतोय. त्यामुळे १० च्या आत असलं तर कुणाला काही होत नाही. १५-२० ला चांगला वाजवणारा कुरकुर करतो पण सांभाळून घेतो. ६० म्हणजे मात्र वीस मीटर लांब बसून वाजवल्यासारखं, मंडपाच्या त्या टोकाला बसून.

गाणाऱ्याचं जरा वेगळं असतं. स्वतःचा आवाज त्याला कवटीतून ऐकू येतोच, त्यात कानातल्या हेडफोनमधून तोच आवाज पाचसात मिलिसेकंद मागून आला की दोन्ही एकमेकांना खातात, आवाज पोकळ, डब्यात गायल्यासारखा होतो. लय नाही जात पण सूर लावायला त्रास होतो. म्हणून गाणाऱ्याच्या कानात फोनमधून फिरून आलेला आवाज कधीच देऊ नका, कितीही भारी फोन असो. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं, माइक सरळ हेडफोनला, फोनकडे जातच नाही, तिथे उशीर शून्यासारखाच.

आणि घुमटकार बाब, राग मानू नका, पण चवथीच्या मंडपात फोनवर भरवसा ठेवणं मला पटत नाही. आरती ऐन रंगात आणि कुणाचा तरी कॉल आला, किंवा फोन गरम झाला तर? चार चॅनलचा साधा अ‍ॅनालॉग मिक्सर घ्या, प्रत्येक चॅनलला लो, मिड, हाय असतो, घुमटाला तेवढं पुरतं. तो जुन्या आयपॅडपेक्षा स्वस्त पडतो आणि त्यात उशीर हा प्रकारच नाही.


घुमटकार_फोंडा

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. बाईंच्या विद्यार्थिनीची गोष्ट मी आमच्या पोरांना वाचून दाखवली, दोघंजण म्हणाले आमचंही तसंच व्हायला लागलं होतं, थाप आधीच पडत होती.

मडगावच्या सरांना एक विचारायचंय, हे माझ्या फोनवर मोजता येतं का? नुसतं "उशिरा येतो" म्हणून मंडळात बोललो तर म्हातारी माणसं म्हणतात वाजवायला शिका आधी.


मडगाव_ऑडिओ_कोड

येतं की. ओबोटेस्टर नावाचं अ‍ॅप आहे, ओबो लायब्ररीबरोबर गूगलनेच दिलेलं. त्यात राउंड ट्रिपची (जायच्या-यायच्या वेळेची) चाचणी आहे, फोन स्वतःच आवाज सोडतो आणि स्वतःच ऐकून मधला वेळ मोजतो. एकदा फोनच्या स्वतःच्या स्पीकर-माइकवर करा, खोली शांत ठेवून. एकदा इंटरफेस लावून, त्याचं आउटपुट एका केबलने त्याच्याच इनपुटला जोडून. दोन्ही आकडे लिहून ठेवा.

मोजताना सॅम्पल रेट ४८,००० च ठेवा, ४४,१०० दिला तर बऱ्याच फोनांना मधे रूपांतर करावं लागतं आणि जलद वाट सुटते. बॅटरी सेव्हर बंद. आणि इनपुट प्रीसेट (माइक कशासाठी वापरायचा ती सेटिंग) बदलून बघा, हे फार लोक बघत नाहीत. फोनचा माइक मूळचा बोलण्यासाठी जुळवलेला असतो, त्यावर कॉलसाठीची नॉइज सप्रेशन, आवाज आपोआप वरखाली करणं असली प्रक्रिया बसवलेली असते, तिलाही वेळ लागतो आणि घुमटाचा तो खालचा घुमारा तिला गोंगाट वाटतो, ती कापून टाकते. अँड्रॉइड १० पासून "व्हॉइस परफॉर्मन्स" नावाचं प्रीसेट आहे, लाइव्ह गाण्यासाठीच केलेलं, ते असेल तर ते घ्या, नाहीतर "अनप्रोसेस्ड".


लिनक्स_वास्को

मधेच येतो, पण अँड्रॉइडच्या खाली लिनक्सच आहे हे विसरू नका. डेस्कटॉप लिनक्सवर आम्ही जॅक नावाचं ऑडिओ सॉफ्टवेअर वापरून कधीपासून ५-६ मिलिसेकंदांत वाजवतोय. रिअलटाइमचे (काम ठरल्या वेळीच करवणारे) पॅच तर जवळजवळ वीस वर्षं मुख्य कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बाहेर राहून शेवटी २०२४ मध्ये ६.१२ ला आत आले. म्हणजे पाया तयार आहे. सॅमसंगने २०१४ ला जॅक घेऊन स्वतःचं प्रोफेशनल ऑडिओ एसडीके (अ‍ॅप लिहिणाऱ्यांसाठीचं साहित्य) काढलंही होतं, फक्त त्यांच्याच फोनांपुरतं, पुढे बंद झालं. रिअलटाइम कर्नल सगळ्या फोनांत आला की हा वादच राहणार नाही.


मडगाव_ऑडिओ_कोड

कर्नलने मदत होईल, पण सगळं नाही सुटणार. माझ्या अनुभवात कर्नलमुळे जाणारा वेळ कमी आणि वरच्या थरांत व फोन कंपनीच्या स्वतःच्या ऑडिओ ड्रायव्हरमध्ये जाणारा जास्त. रस्ता कितीही रुंद करा, मधे चार ठिकाणी गाडी थांबवून तपासणार असतील तर उशीर होणारच. यूएसबीचं तर आणखी वेगळं, बऱ्याच फोनांत यूएसबी इंटरफेसला एमएमएपीची थेट वाट मिळतच नाही, जुन्या लांबच्या वाटेने जावं लागतं. म्हणून ऑडिओ इव्होल्यूशन मोबाइलसारख्या अ‍ॅपने स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर लिहिला, अँड्रॉइडला बाजूला ठेवून थेट इंटरफेसशी बोलणारा. एका अ‍ॅपवाल्याला ओएसचं काम स्वतः करावं लागतं यातच सगळं आलं.


घुमटकार_फोंडा

मोजलं! काल रात्री तिघं बसलो होतो, पाऊस धोधो म्हणून खिडक्या लावून, पंखा बंद करून घामाघूम.

माझा फोन, स्वतःचा स्पीकर-माइक: ४७. माझा फोन इंटरफेस लावून: ७२. म्हणजे सरांनी सांगितलं तसंच, चांगलं उपकरण जोडल्यावर आकडा वाढला. आम्हाला आधी वाटलं केबल चुकली, तीनदा केलं, ७१, ७२, ७४. मग भाच्याचा फोन घेतला, तो माझ्यापेक्षा स्वस्त आहे हो, त्यावर स्पीकर-माइक २४ आणि इंटरफेसवर ३१. एकाच ओएसचे, एकाच वर्षाचे दोन फोन आणि एवढा फरक! दुकानदाराने मला माझा फोन "सगळ्यात भारी" म्हणून दिला होता.

प्रीसेट बदलल्यावर माझा ४७ चा ४१ झाला, वेळ फारसा नाही कमी झाला, पण घुमारा परत आला. आधी थाप नुसती "टप्" यायची, आता "घुंम्म्" शेवटपर्यंत येतो. हे ऐकून आमचे मोठे काका, जे या सगळ्याला नाक मुरडत होते, ते उठून जवळ आले आणि म्हणाले परत लाव बघू.

मंडळात बोललो. या चवथीला म्हापशाच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे छोटा मिक्सर घेतोय, तिन्ही घुमटं त्यात. भाच्याचा फोन फक्त रेकॉर्डिंगला. आयपॅडचा विषय पुढच्या वर्षी.


पेटीवाली_साखळी

छान केलंत. माझ्या क्लासमधल्या मुलांच्या फोनांचे आकडे असे मोजून एक यादी करायला मला मदत कराल का कुणी? निदान पालकांना सांगता येईल की नवा घ्यायचाच असेल तर यातला घ्या. वीसएक फोन असतील.


मडगाव_ऑडिओ_कोड

बाई, मी येतो. शनिवारी दुपारी क्लास असतो का? लूपबॅकची (आउटपुट परत इनपुटला जोडायची) केबल आणि एक इंटरफेस मी आणतो, फोनमागे पाच मिनिटं पुरतात. फक्त मुलांना सांगा फोन चार्ज करून आणा आणि कव्हर काढून ठेवा, कव्हरने माइकचं भोक झाकलेलं असतं पुष्कळांचं.


घुमटकार_फोंडा

सर, साखळीला जाताना वाटेत फोंड्याला उतरा, आमच्या शमेळवाल्याचा फोन राहिलाय मोजायचा, आणि मिक्सर आला असेल तर घुमटाचा लो किती ठेवायचा तेही कानाने ऐकून सांगा.


साउंडवाला_म्हापसा

लो आधी सगळा मधोमध ठेवा, मग पोराला मागचं तोंड पूर्ण उघडं ठेवून वाजवायला सांगा आणि मिड थोडा कमी करा, लोला हात लावू नका. माइक त्या मागच्या तोंडापासून चार बोटं लांब ठेवा, आत घालू नका, हाताचा वारा लागून भडभड येतं. शनिवारी मीही मोकळा आहे, येतो.